कृष्णद्रव्याच्या शोधाचा आलेख कसा वाचावा

दर एक-दोन वर्षांनी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी येते: अमुक देशातल्या खोल खाणीत चाललेल्या प्रयोगाला कृष्णद्रव्याचा, म्हणजे डार्क मॅटर या न दिसणाऱ्या, केवळ गुरुत्वाकर्षणाने जाणवणाऱ्या द्रव्याचा, कण सापडला नाही. वाचणाऱ्याला वाटते की काहीच घडले नाही. पण मूळ शोधनिबंध उघडला तर त्यात बहुधा एक आलेख असतो आणि प्रयोगाचे सगळे म्हणणे त्या आलेखातल्या एका वक्ररेषेत साठवलेले असते. ती रेषा वाचता आली, की ‘सापडला नाही’ या दोन शब्दांमागे किती नेमके विधान दडलेले आहे ते कळते. बारावीपर्यंतचे गणित येत असेल, तर ही रेषा कोणालाही वाचता येते. पदवीच्या विद्यार्थ्यांना मी ज्या क्रमाने ती वाचायला सांगतो, त्याच क्रमाने येथे लिहितो.

समोर एक खरा आलेख असावा. अमेरिकेतल्या दक्षिण डकोटा राज्यात, होमस्टेक या जुन्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली सुमारे १,४८० मीटरवर चालणाऱ्या लक्स-झेपलिन, म्हणजेच एलझेड, या प्रयोगाने २०२४ साली जाहीर केलेला निकाल घ्यावा. तो निबंध कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतो. आलेख कागदावर मोठा छापून घ्या; पेन्सिल, पट्टी आणि कॅल्क्युलेटर जवळ ठेवा. पडद्यावर बोट फिरवून हे काम होत नाही.

आधी गृहीतके समजून घ्या

हा आलेख एका गृहीतकावर उभा आहे आणि ते आलेखावर कोठेही छापलेले नसते. आपल्या सूर्याच्या आसपास कृष्णद्रव्याची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ०.३ जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट, कणांचे वस्तुमान मोजण्याचे एकक) आहे असे धरले जाते. प्रोटॉनचे वस्तुमान जवळजवळ १ जीईव्ही असते, म्हणजे ही घनता प्रोटॉनच्या एक तृतीयांशाहूनही थोडी कमी झाली. ही संख्या खाणीतल्या प्रयोगातून येत नाही. आकाशगंगेतल्या ताऱ्यांच्या हालचालींवरून ती काढली जाते. कृष्णद्रव्याचा प्रत्येक कण १०० जीईव्ही वस्तुमानाचा आहे असे मानले, तर एक लिटरच्या तांब्यात कोणत्याही क्षणी असे सरासरी तीन कण असतील. सूर्य आकाशगंगेभोवती सेकंदाला साधारण २२० किलोमीटर वेगाने फिरतो, त्यामुळे हे कण आपल्याला समोरून येणाऱ्या वाऱ्यासारखे भेटतात. हिशेब केला तर अंगठ्याच्या नखाएवढ्या, एक चौरस सेंटिमीटर जागेतून दर सेकंदाला सुमारे ६६,००० कण आरपार जातात असे उत्तर येते.

एवढे कण जात असूनही धक्का बसलेला कळत नाही, कारण ते अणूंशी जवळजवळ काहीच देवाणघेवाण करत नाहीत. थेट शोध म्हणजे त्या ‘जवळजवळ’ शब्दाचे मोजमाप. एखादा कण क्वचित एखाद्या अणुकेंद्रावर आदळेल, अणुकेंद्र किंचित हलेल, आणि त्या हलण्यातून निघालेला प्रकाश, विद्युतभार किंवा उष्णता आपल्याला टिपता येईल, ही त्यामागची कल्पना. १९८५ साली मार्क गुडमन आणि एडवर्ड विटन यांनी ती मांडली आणि १९८७ साली याच होमस्टेक खाणीत जर्मेनियमच्या स्फटिकाने तसा पहिला प्रयत्न झाला.

आता अक्ष

आडव्या अक्षावर कणाचे वस्तुमान असते, जीईव्हीमध्ये. उभ्या अक्षावर काटछेद असतो, चौरस सेंटिमीटरमध्ये. काटछेद म्हणजे टक्कर होण्याच्या दृष्टीने लक्ष्य किती मोठे ‘दिसते’ त्याचे माप. प्रोटॉनची त्रिज्या घेऊन त्याचे क्षेत्रफळ काढले तर ते सुमारे २.२ गुणिले १० चा उणे २६वा घात चौरस सेंटिमीटर येते. एलझेडच्या २०२४च्या निकालातला सर्वांत खालचा बिंदू ४० जीईव्ही वस्तुमानापाशी २.२ गुणिले १० चा उणे ४८वा घात इतका आहे. या दोन संख्या योगायोगाने इतक्या सोयीच्या आहेत, की भागाकार तोंडी होतो: एकावर २२ शून्ये. प्रोटॉनच्या आकाराच्या इतक्या पटीने लहान लक्ष्यापर्यंत हा प्रयोग पोचला आहे.

दोन्ही अक्ष लॉगरिदमिक असतात आणि माझे विद्यार्थी सर्वाधिक चुकतात ते येथे. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने १० आणि १०० या दोन खुणांच्या बरोबर मध्ये बोट ठेवले आणि ‘५५’ असे उत्तर दिले. तेथे खरे तर सुमारे ३२ असतात, कारण अशा अक्षावर सारख्या अंतराने बेरीज नव्हे तर गुणाकार होतो. पट्टीने हे असे मोजा: तुमच्या छापील कागदावर १० ते १०० हे अंतर ५ सेंटिमीटर असेल, तर ४०चा लॉग १.६ असल्यामुळे ४० जीईव्हीची जागा १०च्या खुणेपासून ३ सेंटिमीटरवर येईल. उभ्या अक्षावरही तेच. एका दशकाला, म्हणजे दहापटीच्या एका टप्प्याला, ५ सेंटिमीटर असतील, तर २.२ची जागा उणे ४८च्या रेषेपासून १.७ सेंटिमीटर वर असेल. हे दोन मोजून पेन्सिलीने फुली मारा. ती वक्ररेषेच्या तळाशी पडली पाहिजे. ती पडेपर्यंत पुढे जाऊ नका.

फुली बरोबर पडली, की रेषेच्या वरचा सगळा भाग पेन्सिलीने हलका रंगवा. तो नाकारलेला प्रदेश. ‘कण इतक्या वस्तुमानाचा आणि इतक्या काटछेदाचा असता, तर आम्हाला तो दिसला असता’ असे प्रयोग त्या भागाबद्दल ९० टक्के विश्वासपातळीने म्हणतो. रेषेखालचा भाग मोकळा आहे, तेथे कण असू शकतो. अनेकजण याच्या उलट समजतात, कारण रेषा खाली गेली म्हणजे शोध ‘खाली’ लागला असे मनाला वाटते. रेषा खाली सरकणे म्हणजे कणाला लपायला उरलेली जागा कमी होणे.

आलेखाचे शीर्षक पाहायला विसरू नका. स्पिन म्हणजे कणाचा स्वतःभोवती फिरण्यासारखा एक गुणधर्म; ‘स्पिनवर अवलंबून नसलेला’ आणि ‘स्पिनवर अवलंबून असलेला’ असे दोन वेगळे आलेख असतात आणि त्यांतल्या संख्यांची आपसात तुलना करता येत नाही. पहिल्या प्रकारात अणुकेंद्रातले सगळे प्रोटॉन-न्यूट्रॉन एकदिलाने भाग घेतात, त्यामुळे टक्करीची शक्यता अणुभाराच्या वर्गाने वाढते. एलझेडमध्ये लक्ष्य म्हणून वापरलेल्या झेनॉनसाठी १३१चा वर्ग १७,०००च्या वर जातो, तर आर्गॉनसाठी ४०चा वर्ग अवघा १,६००. हा फायदा आधीच हिशेबात धरून उभ्या अक्षावर एकेका न्यूक्लिऑनमागे (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनमागे) काटछेद दिलेला असतो, म्हणून वेगवेगळ्या मूलद्रव्यांचे प्रयोग एकाच कागदावर काढता येतात. दुसऱ्या प्रकारात हा फायदा मिळत नाही, आणि तेथे फ्लोरिनसारखे हलके मूलद्रव्यही भाव खाऊन जाते.

रेषेचा आकार

ही रेषा डावीकडे कड्यासारखी चढलेली, मध्ये खोल आणि उजवीकडे सावकाश वर जाणारी अशी असते. या तीनही भागांची कारणे वेगळी आहेत. डावा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याचा हिशेब पूर्ण करून दाखवतो.

अणुकेंद्राला जास्तीत जास्त किती ऊर्जा मिळेल ते काढण्याची रीत सोपी आहे. कण आणि अणुकेंद्र यांच्या वस्तुमानांचा गुणाकार करा आणि त्याला त्यांच्या बेरजेने भागा. आलेल्या संख्येचा वर्ग करून त्याची दुप्पट करा, कणाचा वेग भागिले प्रकाशाचा वेग या गुणोत्तराच्या वर्गाने गुणा, आणि शेवटी अणुकेंद्राच्या वस्तुमानाने भागा. झेनॉनचे अणुकेंद्र सुमारे १२२ जीईव्हीचे असते. १०० जीईव्हीच्या कणासाठी पहिली पायरी ५५ येते, वर्ग ३,०२५, दुप्पट ६,०५०. वेग सेकंदाला २२० किलोमीटर धरला तर वेगांच्या गुणोत्तराचा वर्ग एक कोटीत सुमारे ५.४ भाग इतका येतो. शेवटचे उत्तर सुमारे २७ केईव्ही (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट, जीईव्हीचा दहा लाखावा भाग). ही ऊर्जा वैद्यकीय क्ष-किरणाच्या एका फोटॉनाएवढी आहे, म्हणजे टिपता येण्याजोगी.

आता १०० ऐवजी ५ जीईव्हीचा कण घ्या. पहिली पायरी ४.८ येते आणि शेवटचे उत्तर ०.२ केईव्हीवर घसरते. एलझेडची झेनॉनमधली घटना ओळखण्याची क्षमता साधारण ५ केईव्हीच्या खाली वेगाने कमी होत जाते. हा ऊर्जेचा उंबरठा. सरासरी वेगाचा हलका कण तो ओलांडूच शकत नाही. आकाशगंगेच्या पकडीतून सुटण्याच्या बेतात असलेले सर्वांत वेगवान कण, आपला स्वतःचा वेग जमेस धरून, सेकंदाला सुमारे ७८० किलोमीटरपर्यंत जातात. त्यांच्यासाठी उत्तर १२ ते १३ पटींनी वाढून सुमारे २.५ केईव्ही होते. म्हणजे डावीकडच्या कड्यापाशी प्रयोग मूठभर अतिवेगवान कणांच्या भरवशावर असतो. वेगांच्या वाटणीबद्दलचे गृहीतक थोडे बदलले की तेथली रेषा बरीच हलते. म्हणून तळाच्या फुलीवर मी जितका विश्वास ठेवतो, तितका त्या कड्यावर ठेवत नाही. तुम्हीही ठेवू नये.

हाच ५ जीईव्हीचा कण ऑक्सिजनवर आदळला तर उत्तर १ केईव्ही येते, झेनॉनच्या पाचपट. हलक्या कणाच्या शोधाला हलके लक्ष्य आणि खालचा उंबरठा का लागतो ते यावरून कळते. इटलीतल्या ग्रान सास्सो प्रयोगशाळेतला क्रेस्ट प्रयोग कॅल्शियम टंगस्टेटचे स्फटिक निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड करून उष्णतेतली वाढ मोजतो. २०१९च्या निकालात त्याचा उंबरठा सुमारे ३० इलेक्ट्रॉनव्होल्ट होता, म्हणजे केईव्हीचा तेहतिसावा भाग. त्याची रेषा एलझेडच्या कितीतरी वर असली तरी ती डावीकडे खूप दूर पोचते. कोणाची रेषा ‘खाली’ एवढाच प्रश्न विचारणाऱ्याच्या नजरेतून असा प्रयोग सुटतो.

उजवीकडची चढण एका वाक्यात सांगता येते: एकूण घनता ठरलेली असल्यामुळे कण दसपट जड झाला की त्यांची संख्या दसपट कमी होते, आणि मर्यादाही दसपट वर जाते. १,००० आणि १०,००० जीईव्हीपाशी पट्टी लावून खात्री करून घ्या.

टन-वर्ष आणि ३३५ घटना

निबंधात ‘४.२ टन-वर्ष’ असा आकडा दिसेल. हा पडताळून पाहण्यात एक वेगळेच समाधान आहे. एलझेडच्या टाकीत एकंदर १० टन झेनॉन आहे, त्यापैकी ७ टन द्रव मोजणीच्या कक्षात आहे, आणि निकालासाठी धरले जाते ते आतले केवळ ५.५ टन. मोजणीचे दिवस २८०. साडेपाच गुणिले २८० भागिले ३६५ केले, की ४.२ येतात. बाकीचे झेनॉन वाया गेलेले नाही. बाहेरून येणारे किरण काठावरच्या थरात अडकतात, म्हणून तो थर आतल्या थराची ढाल असतो. नव्या निबंधात टाकीचा आकार मोठ्या अक्षरांत दिसला, तरी आतले वस्तुमान किती धरले आहे तेच शोधा.

घटना आतली की काठावरची हे कसे कळते? उणे शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलेल्या द्रव झेनॉनमध्ये टक्कर झाली की प्रथम एक बारीक चमक उठते. त्याच वेळी काही इलेक्ट्रॉन सुटे होतात. विद्युतक्षेत्र त्यांना वर ओढत नेते, आणि द्रवावरच्या वायूत शिरताना ते दुसरी, मोठी चमक उमटवतात. वर-खाली मिळून ४९४ प्रकाशनलिका या चमका टिपतात. दोन चमकांमधल्या वेळेवरून खोली कळते, आणि वरच्या कोणत्या नलिकांवर दुसरी चमक अधिक पडली त्यावरून आडवी जागा कळते. शिवाय दुसरी चमक पहिलीच्या मानाने किती मोठी, यावरून धक्का अणुकेंद्राला बसला की इलेक्ट्रॉनाला, हे बऱ्याच अंशी ओळखता येते. कृष्णद्रव्य अणुकेंद्राला ढकलेल अशी अपेक्षा असते. किरणोत्सर्गाची नेहमीची कटकट बहुतांशी इलेक्ट्रॉनांना ढकलते.

ही कटकट म्हणजे पार्श्वभूमी. आपल्या तळहातातून दर सेकंदाला एक-दोन म्युऑन, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे वातावरणात तयार झालेले कण, जातात, साध्या केळ्यात पोटॅशियमच्या अणूंची सेकंदाला सुमारे १५ विघटने होतात, आणि झेनॉनमध्ये धातूच्या भिंतींतून रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू झिरपतच राहतो. म्युऑन टाळण्यासाठी खाण लागते: ग्रान सास्सोवरचा सुमारे १,४०० मीटर खडक त्यांची संख्या दहा लाख पटींनी घटवतो. खोल खाणीत विज्ञान करण्याची आपल्याकडेही जुनी परंपरा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कोलारच्या सोन्याच्या खाणीत १९६५ साली वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो, म्हणजे पदार्थातून सहज आरपार जाणारे अतिहलके कण, टिपले होते, आणि आज झारखंडमध्ये जादुगुडाच्या युरेनियम खाणीत ५५५ मीटर खोलीवर कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटची प्रयोगशाळा आहे. रेडॉनवर मात्र खडकाचा उपयोग नाही. तो आतूनच येतो.

आता २०२२चा एलझेडचा पहिला निकाल घ्या. ६० दिवसांच्या मोजणीत, सगळ्या चाळण्या लावून झाल्यावर, ३३५ घटना उरल्या. घाईने वाचणारा म्हणेल, ३३५ कण सापडले. पण ज्ञात पार्श्वभूमीवर बसवलेला हिशेब ३३३ अधिक-उणे १७ होता. आलेल्या घटना आणि अपेक्षित घटना यांत दोनचा फरक, आणि अनिश्चितता १७ची. कृष्णद्रव्यासाठी जागाच उरत नाही. कोणताही निकाल वाचताना ‘किती घटना दिसल्या’ हा आकडा एकटा कधीही लिहून घेऊ नका. त्याच्या शेजारी ‘किती अपेक्षित होत्या’ आणि ‘किती अनिश्चितता’ हे दोन आकडे लिहा.

शून्य दिसले तर?

पार्श्वभूमी अजिबात नाही आणि घटनाही शून्य, असा प्रयोग कल्पनेत घ्या. तरीही काटछेद शून्य आहे असे म्हणता येत नाही. सरासरी २.३ घटना अपेक्षित असतील, तर एकही न दिसण्याची शक्यता १० टक्के असते. म्हणून शून्य पाहणारा ९० टक्के विश्वासाने इतकेच म्हणू शकतो, की खरी सरासरी २.३पेक्षा कमी आहे. वक्ररेषा या २.३सारख्याच एखाद्या संख्येवरून काढलेली असते.

यात दैवाचाही भाग येतो. बहुतेक आलेखांत रेषेमागे हिरवा आणि पिवळा पट्टा असतो. कृष्णद्रव्य नसतानाही पार्श्वभूमीच्या चढउतारामुळे रेषा कोठून कोठपर्यंत हलू शकते, हे तो पट्टा दाखवतो. एलझेडच्या २०२४च्या निकालात ४० जीईव्हीपाशी अपेक्षित मध्यक, म्हणजे त्या पट्ट्याची मधली रेषा, ५.१ होता आणि प्रत्यक्ष मर्यादा २.२ आली, दोन्ही उणे ४८व्या घातात. पार्श्वभूमी तेथे योगायोगाने अपेक्षेपेक्षा कमी उतरली, म्हणून रेषा खाली गेली. त्यात काही गैर नाही. पण दोन प्रयोगांपैकी कोणाचे उपकरण अधिक बारीक, हे ठरवायचे असेल तर मध्यकांची तुलना करा. माझ्या मते बातम्यांत मध्यकच द्यायला हवा.

कोणी ‘सापडला’ म्हटले तर

२०२० साली ग्रान सास्सोतल्या झेनॉन-वन-टी प्रयोगाने जाहीर केले, की १ ते ७ केईव्ही या पट्ट्यात इलेक्ट्रॉनांना बसलेल्या धक्क्यांच्या २८५ घटना दिसल्या. अपेक्षा २३२ अधिक-उणे १५ होती. तुमच्या वहीत तीन आकडे लिहा: जादा ५३, अनिश्चितता १५, म्हणजे साडेतीनपट. हे दुर्लक्षिण्याजोगे नव्हते आणि जगभर सूर्यातून येणाऱ्या काल्पनिक कणांपासून, म्हणजे सौर अ‍ॅक्सिऑनांपासून अनेक अर्थ लावले गेले. पण संशोधकांनी स्वतःच त्याच निबंधात लिहिले होते, की अत्यल्प ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचे किरणोत्सर्गी रूप, असेल तरीही हेच दिसेल. त्यांनी पुढचे यंत्र, झेनॉन-एन-टी, पार्श्वभूमी सुमारे पाचपट कमी करून चालवले, आणि २०२२ साली तो जादा भाग तेथे नव्हता. स्वतःच्या निकालावर आधी शंका घेऊन मग ती नव्या यंत्राने तपासणाऱ्या या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे.

दुसरे उदाहरण अजून मिटलेले नाही. ग्रान सास्सोतल्याच डामा प्रयोगाने सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांत १९९०च्या दशकापासून वर्षानुवर्षे घटनांच्या संख्येतला वार्षिक चढउतार पाहिला. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने फिरत असल्यामुळे जूनच्या सुरुवातीला आपण कृष्णद्रव्याच्या वाऱ्याला अधिक वेगाने सामोरे जातो आणि डिसेंबरात कमी. डामाचे शिखर जवळपास त्याच सुमारास येते. सांख्यिकीदृष्ट्या हा संकेत फार पक्का आहे, पण झेनॉनच्या प्रयोगांनी तो सारा प्रदेश रंगवून टाकला आहे. अशा वेळी पहिला प्रश्न असा विचारा: तेच मूलद्रव्य वापरून दुसऱ्या कोणी, दुसऱ्या जागी पाहिले का? स्पेनमधल्या कानफ्रांकच्या अनाइस आणि दक्षिण कोरियातल्या कोसाइन या दोन प्रयोगांनी सोडियम आयोडाइडनेच पाहिले, आणि दोघांनाही डामासारखा चढउतार दिसला नाही. मतभेद तीन सिग्मांच्या, म्हणजे अनिश्चिततेच्या तिपटीच्या, पलीकडे गेला आहे. दुसरा प्रश्न ऋतूंचा. म्युऑनांची संख्याही वर्षभर वर-खाली होते, उन्हाळ्यात वाढते. ऋतूबरोबर बदलणारी प्रत्येक गोष्ट आधी बाजूला काढावी लागते.

तळाचा पट्टा

आलेखाच्या तळाशी बहुधा एक राखाडी किंवा ठिपक्यांचा प्रदेश असतो, त्याला न्यूट्रिनो धुके म्हणतात. सूर्यातल्या बोरॉन-८मधून निघालेले न्यूट्रिनोही अणुकेंद्रांना हळूच ढकलतात, आणि झेनॉनमध्ये त्यांचा धक्का सुमारे ६ जीईव्हीच्या कृष्णद्रव्य कणासारखाच दिसतो. २०२४ साली झेनॉन-एन-टीने २.७३ सिग्मा आणि चीनमधल्या जिनपिंग प्रयोगशाळेच्या पांडा-एक्स-फोर-टीने २.६४ सिग्मा इतक्या भाराने या न्यूट्रिनोंची पहिली चाहूल दिली. म्हणजे कृष्णद्रव्यासाठी बांधलेली यंत्रे आता सूर्याचे न्यूट्रिनो पाहू लागली आहेत, आणि डाव्या बाजूला एक नवी पार्श्वभूमी उभी राहिली आहे. तिला कोणतीही खाण, कोणतीही ढाल अडवत नाही.

तुमच्या छापील कागदावर या पट्ट्याची वरची कड पेन्सिलीने गडद करा. मग ४० जीईव्हीपाशी तुमच्या फुलीपासून त्या कडेपर्यंतचे उभे अंतर पट्टीने मोजा आणि ५ने भागा. दहापटीचे किती टप्पे उरले आहेत ते कळेल. तो आकडा आणि तारीख समासात लिहून कागद जपून ठेवा. पुढचा निकाल आला, की त्याचा मध्यक याच कागदावर दुसऱ्या रंगाने मांडता येईल.